नामांगाच्या नाक्यावर

डिसेंबर २०१४ मध्ये केनियाने नैरोबीच्या जोमो केन्याटा विमानतळावर टांझानियाच्या पर्यटक गाड्यांना मज्जाव केला. अरुशाहून आलेल्या गाडीने विमानतळावरून आपले पाहुणे उचलायचे नाहीत. पाहुण्यांनी केनियन गाडीत बसून सीमेपर्यंत जायचे आणि तिथे बॅगा उतरवून दुसऱ्या गाडीत चढायचे. आधार दाखवला गेला १९८५ च्या द्विपक्षीय पर्यटन कराराचा. मार्च २०१५ मध्ये टांझानियाने उत्तर दिले ते विमानांवर हात टाकून: केनिया एअरवेजच्या आठवड्याच्या फेऱ्या ४२ वरून १४ वर आणल्या. काही दिवसांतच नामिबियाच्या नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीसाठी टांझानियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जकाया किक्वेते आणि केनियाचे उहुरू केन्याटा विंडहोकला गेले, तिथे दोघे बोलले आणि दोन्ही बंद्या उठल्या.

याला राजनैतिक यश म्हणायची पद्धत आहे. मला मात्र हाच या दोन देशांचा जुना आजार वाटतो. ज्या करारावरून भांडण झाले तो करार विंडहोकमध्ये बदलला नाही, गाड्यांचा नियम नीट लिहिला गेला नाही, पुढच्या वेळी तक्रार कुणी कुणाकडे करायची हेही ठरले नाही. दोन मोठी माणसे भेटली म्हणून मिटले, एवढेच. ऑगस्ट २०२० मध्ये तेच पुन्हा घडले. कोविडच्या काळात केनियाने प्रवेशासाठी मान्य देशांच्या यादीतून टांझानियाला वगळले आणि टांझानियाने केनिया एअरवेजला बंदी केली. ती सप्टेंबरमध्ये उठली. जानेवारी २०२४ मध्ये एअर टांझानियाच्या मालवाहू विमानाला नैरोबीमार्गे तिसऱ्या देशात माल नेण्याची परवानगी मिळेना, तेव्हा टांझानियाने केनिया एअरवेजच्या प्रवासी फेऱ्यांची परवानगीच काढून घेतल्याचे जाहीर केले. या वेळी दोन दिवसांत तडजोड झाली. तिन्ही वेळा ठिणगी वेगळ्या कारणाने पडली, पण पहिला फटका विमानालाच बसला. विमान डोळ्यांवर येते, एका सहीने थांबते आणि एका सहीने सुरू होते. या दोन देशांच्या सीमेवरच्या नामांगाच्या नाक्यावर कांद्याचा ट्रक तीन दिवस उभा राहिला तर त्याच्यासाठी कुणी विंडहोकला भेटत नाही.

म्हणून मुद्दा असा, की केनिया आणि टांझानियाचे संबंध बळकट करायचे तर राष्ट्राध्यक्षांच्या भेटी वाढवून फार काही साधणार नाही. ज्या कामांसाठी आज त्यांना भेटावे लागते ती कामे त्यांच्यापर्यंत पोचूच नयेत, अशी व्यवस्था सीमेवर उभी करावी लागेल. ही व्यवस्था कंटाळवाणी असते. तिच्यात प्रयोगशाळा, शिक्के, नमुने, माल कुठल्या देशाचा याची प्रमाणपत्रे असल्या गोष्टी येतात. घोडे तिथेच अडते, म्हणून लेखाचा मोठा भाग तिथेच खर्च करणार आहे.

आधी थोडा इतिहास, कारण टांझानियाच्या मनात काय आहे ते त्याशिवाय कळत नाही. ही सीमा सुमारे ७७० किलोमीटरची. व्हिक्टोरिया सरोवरापासून हिंदी महासागरापर्यंत पट्टीने आखल्यासारखी, फक्त किलिमांजारोजवळ वाकडी. राणी व्हिक्टोरियाने हा डोंगर जर्मन नातवाला वाढदिवसाची भेट म्हणून दिला अशी गोष्ट पर्यटकांना अजून सांगतात. ती खोटी आहे. १८८६ च्या ब्रिटिश-जर्मन वाटाघाटीत डोंगर जर्मनांकडे आणि मोम्बासा ब्रिटिशांकडे राहावे म्हणून रेषेला वळसा दिला गेला. रेषेच्या दोन्ही बाजूंना मसाई राहतात, दोन्ही बाजूंना स्वाहिली चालते. ब्रिटिश काळापासून रेल्वे, टपाल, बंदरे सामाईक होती. स्वातंत्र्यानंतर १९६७ च्या कंपाला करारात केनिया, युगांडा आणि टांझानियाने पूर्व आफ्रिकी समुदाय स्थापला, तेव्हा एकच रेल्वे, एकच विमान कंपनी, एकच टपाल खाते हा वारसा त्यांनी पुढे चालू ठेवला. मुख्यालय अरुशाला.

दहा वर्षांत तो मोडला. वरवर पाहता कारण विचारसरणीचे: टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरेंनी त्याच १९६७ साली अरुशा जाहीरनाम्याने समाजवादी वाट धरली होती, केनिया भांडवलशाहीकडे झुकलेला. युगांडात हुकूमशहा इदी अमीन असल्यामुळे न्येरेरे त्याच्याबरोबर एका टेबलाशी बसायला तयार नव्हते, म्हणून तिघांचे सर्वोच्च मंडळ भरेनासे झाले. पण आतले दुखणे हिशेबाचे होते. कारखाने नैरोबीभोवती, विमानांची देखभाल नैरोबीत; त्यामुळे समुदायाचा फायदा एकाच ताटात पडतो ही टांझानियाची तक्रार होती आणि ती बिनबुडाची नव्हती. १९७७ च्या सुरुवातीला सामाईक विमान कंपनी बंद पडली, केनियाने स्वतःची कंपनी काढली आणि फेब्रुवारीत टांझानियाने सीमा बंद केली. ती उघडली नोव्हेंबर १९८३ मध्ये. मालमत्तेची वाटणी स्विस मध्यस्थ व्हिक्टर उम्ब्रिख्त यांच्या खटपटीनंतर मे १९८४ मध्ये झाली: केनियाला ४२ टक्के, टांझानियाला ३२, युगांडाला २६. भाऊबंदकीत जसे होते तसे, एकत्र राहायला दहा वर्षे आणि वाटणीला सात.

आजचा समुदाय ३० नोव्हेंबर १९९९ च्या कराराने पुन्हा उभा राहिला आणि त्याने एक धडा खरोखर घेतला. २००५ मध्ये सीमाशुल्क संघ सुरू झाला तेव्हा युगांडा आणि टांझानियाचा माल केनियात लगेच शुल्कमुक्त झाला, पण केनियाच्या ठरावीक मालावर त्या दोघांनी पाच वर्षे कमी कमी होत जाणारे शुल्क ठेवायचे असे ठरले. मोठ्या भावाने आधी दार उघडायचे. ही तरतूद मला या सगळ्या कागदपत्रांतली सर्वात शहाणपणाची वाटते, कारण ती टांझानियाच्या भीतीला नावे ठेवत नाही, तिला मुदत घालून देते. २०१० पर्यंत शुल्क शून्यावर आले. जुलै २०१० पासून सामाईक बाजारपेठही लागू झाली.

आणि मग शुल्काची जागा शुल्केतर अडथळ्यांनी, म्हणजे बंद्या, दाखले, तपासण्यांनी घेतली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केनियाचे राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो टांझानियात दार एस सलामला गेले तेव्हा अशा ६८ अडथळ्यांपैकी ५४ दूर झाले, १४ उरले, असा हिशेब दिला गेला. आकडा ऐकायला बरा आहे. अडचण एवढीच की हे अडथळे गवतासारखे असतात. ५४ उपटले आणि मुळे तशीच राहिली तर पुढच्या पावसात नवे ६० उगवतात. २०१७ मध्ये अडथळे हटवण्यासाठी समुदायाने स्वतंत्र कायदा केला. त्याच वर्षाच्या अखेरीस टांझानियाने केनियातून आलेली ६,४०० कोंबडीची पिल्ले बर्ड फ्लूच्या भीतीचे कारण देऊन जाळली आणि चरायला आलेली केनियन मसाईंची तेराशेच्या वर गुरे जप्त करून लिलावात काढली.

मक्याचे उदाहरण सविस्तर बघू, कारण त्यात दोन्ही बाजूंचे खरे आणि खोटे एकत्र सापडते. केनियाला उगाली या मक्याच्या पिठाच्या रोजच्या जेवणासाठी मका कमी पडतो आणि टांझानियात तो बऱ्याच वर्षी जास्त असतो. ५ मार्च २०२१ रोजी केनियाच्या कृषी प्राधिकरणाने टांझानिया आणि युगांडाचा मका अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषामुळे बंद केला. पाच दिवसांनी बंदी उठली, पण अटी लागल्या: आयातदाराची नोंदणी, मूळ देशाचे प्रमाणपत्र आणि अफ्लाटॉक्सिन १० पीपीबीच्या (अब्जात १० भागांच्या) आत असल्याचा दाखला.

भीती खोटी नाही. २००४ मध्ये पूर्व केनियात बुरशी लागलेल्या मक्याने ३१७ जणांना बाधा झाली आणि १२५ माणसे मेली. पण हे विष केनियाच्याच शेतातल्या मक्यात होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये केनियाच्या मानक संस्थेने याच कारणाने देशातल्या पाच मका-पिठांच्या ब्रँडची विक्री थांबवली, तेव्हा देशभरचा मका बंद झाला नाही, पाच ब्रँड थांबले. टांझानियाच्या बाबतीत मात्र अख्खा देश थांबवला. शेजाऱ्याला नेमका हाच फरक झोंबतो.

आता तपासणी प्रत्यक्षात कशी होते ते पाहा. पूर्व आफ्रिकी मानकाप्रमाणे मक्यात एकूण अफ्लाटॉक्सिन १० पीपीबी, त्यातला बी-१ हा प्रकार ५ पीपीबी आणि ओलावा १३.५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. १० पीपीबी म्हणजे टनामागे १० मिलिग्रॅम. २८ टनांच्या ट्रकमध्ये, म्हणजे ९० किलोच्या तीनशेच्या वर पोत्यांत मिळून, पाव ग्रॅमहून किंचित जास्त. आणि हे विष पिठात मीठ मिसळावे तसे सारखे पसरलेले नसते. बुरशी धरलेल्या मोजक्या दाण्यांत ते प्रचंड असते, शेजारच्या दाण्यात शून्य. त्यामुळे एकाच ट्रकमधून दोघांनी वेगवेगळे मूठभर दाणे उचलले तर एकाच्या हाती ४ पीपीबी येते आणि दुसऱ्याच्या हाती ४०. दोघेही प्रामाणिक असतात, यंत्रेही बरोबर असतात. चूक नमुन्यात असते. ट्रकच्या मागच्या फळीजवळची, हाताला लागणारी चार पोती खोचून घेतलेला नमुना हा नमुनाच नव्हे. बरीच पोती, वरची-खालची-मधली, पोकळ टोकदार सळईने टोचून काही किलो मका जमवायचा, तो पूर्ण दळायचा, चांगला मिसळायचा आणि मग त्या पिठातून चाचणीपुरते घ्यायचे. दळण्याआधी वाटणी केली की सगळे मुसळ केरात. पट्टीवरची झटपट चाचणी पंधरा-वीस मिनिटांत होते, वेळ जातो तो पोती खाली-वर करण्यात. म्हणूनच नाक्यावर ते टाळले जाते.

त्यातून आजची परिस्थिती निर्माण होते. टांझानियात माल भरताना एक दाखला, वनस्पती आरोग्याचा दुसरा, निर्यात परवान्याचा तिसरा, किरणोत्सर्ग चाचणीचा चौथा आणि सीमेवर केनियाची पुन्हा चाचणी. दोन्ही देशांची मानके शब्दशः एकच आहेत, अविश्वास आहे तो एकमेकांच्या नमुना घेणाऱ्यावर. मग अविश्वासालाच यंत्रणा द्यावी. माल भरतो तिथे, उत्तर टांझानियातल्या अरुशा किंवा बाबातीला, दोन्ही देशांनी मान्य केलेल्या पद्धतीने एकदाच नमुना घ्यावा, दळलेल्या पिठाचे तीन सीलबंद भाग करावेत: एक निर्यातदार देशाच्या प्रयोगशाळेला, एक आयातदार देशाला, तिसरा राखीव. ट्रकला सील लावून तो सोडावा. सीमेवर सगळे ट्रक न अडवता वीसातला एक सोडतीने तपासावा. निकालांत ठरलेल्या मर्यादेपलीकडे तफावत आली तर राखीव भाग तिसऱ्या, आधीच नेमलेल्या प्रयोगशाळेत जावा आणि तिचा निकाल दोघांना बांधील असावा. ज्या व्यापाऱ्याचा माल सलग चार-पाच वेळा स्वच्छ निघाला त्याची तपासणी विरळ करावी, एकदा नापास झाला की पुन्हा प्रत्येक ट्रक. शिवाय दर तीन महिन्यांनी दोन्हीकडच्या प्रयोगशाळांना एकच अज्ञात नमुना पाठवून कोण किती चुकते ते उघड करावे. याला नवा करार लागत नाही. लागतात काही दळणयंत्रे, चाचणी-पट्ट्यांचा अखंड पुरवठा आणि नाक्यावर नेमलेल्या माणसाची बदली दर सहा महिन्यांनी न करण्याची शिस्त. पट्ट्या संपल्या की जुनीच पद्धत परत येते: ट्रक उभा करा, नमुना राजधानीला पाठवा, वाट बघा. तेवढ्यात ताडपत्रीखालच्या मक्यात ओलावा धरतो आणि आधी स्वच्छ असलेला माल खरोखरच बिघडू लागतो.

टांझानियाही या बाबतीत निर्दोष नाही. जून २०१७ मध्ये त्यानेच अन्नसुरक्षेच्या नावाने मक्याची निर्यात बंद केली होती. निर्यातबंदीने शहरातले पीठ स्वस्त राहते आणि शेतकरी मरतो. हे नाशिक-लासलगावच्या कांदेवाल्याला समजावून सांगायची गरज नाही. योगायोग असा की त्याच वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये, भारताने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली आणि बाबाती परिसरातल्या म्बाझीचे, म्हणजे आपल्या वरणातल्या तुरीचे, भाव कोसळले. सीमेपलीकडे केनियाच्या माकुएनीतही तूरच पिकते. गिऱ्हाईक मुख्यतः एकच, पण दोघे त्याच्याशी वेगवेगळे बोलतात. मोझांबिकने भारताशी २०१६ मध्येच तुरीचा ठरावीक कोटा लिहून घेतला होता. केनिया-टांझानियाने एकत्र बसून तसे काही मागितले असते तर दोघांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्याचा उपयोग झाला असता.

मिठायांचा वाद वेगळ्या जातीचा. केनियाच्या चॉकलेट-गोळ्या-बिस्किटांवर टांझानियाने २५ टक्के शुल्क लावले, का, तर त्यांत आयातशुल्क माफ करून आणलेली औद्योगिक साखर आहे. ओरड केनियाकडून झाली, पण इथे तत्त्व टांझानियाच्या बाजूचे आहे: सवलतीची साखर वापरून केलेला माल समुदायातच विकला तर सवलतीचा गैरफायदा होतो, शेजारचा कारखानदार पूर्ण शुल्क भरलेल्या साखरेशी स्पर्धा करत बसतो. केनियाचे म्हणणे होते की सगळे कारखाने सवलत घेत नाहीत. मग संयुक्त पथके कारखान्यांत जाऊन गोण्या मोजू लागली. पथके गेली हे चांगलेच झाले, पण हिशेब कारखाना चालू असतानाच, गोदामाच्या नोंदवहीत, सवलतीची साखर वेगळी दाखवून ठेवला असता तर कुणाला जावे लागले नसते. त्यासाठी केनियाच्या महसूल खात्याने आपल्या सवलतींची यादी दर महिन्याला टांझानियाच्या खात्याला आपणहून द्यायला हवी. इतकी साधी गोष्ट मागितल्याशिवाय दिली जात नाही आणि मागितली की अपमान वाटतो.

हा प्रश्न पुढे वाढणार आहे. टांझानियाने २०१६ मध्ये युरोपीय संघाबरोबरच्या सामाईक व्यापार करारावर सही करायला नकार दिला. केनियाने डिसेंबर २०२३ मध्ये एकट्याने केली आणि १ जुलै २०२४ पासून तो करार लागू आहे. आता युरोपचा माल केनियात टप्प्याटप्प्याने शुल्कमुक्त येत जाईल आणि केनिया-टांझानिया सीमेवर शुल्क नाही. म्हणजे माल मूळ कुठल्या देशाचा याचे प्रमाणपत्र नीट तपासले नाही तर युरोपचा माल मागच्या दाराने टांझानियात. टांझानियाचा एक पाय दक्षिण आफ्रिकी विकास समुदायात, केनियाचा कोमेसा या पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेच्या व्यापारगटात. टांझानियाने कोमेसा २००० मध्येच सोडला. अशा दोन घरांनी एकच अंगण ठेवायचे तर फाटकावर कुणीतरी जागे हवे.

फाटकाबद्दल एक चांगली गोष्ट. नामांगाला १ डिसेंबर २०१८ पासून एकाच थांब्याचा नाका रीतसर सुरू आहे. तवेता-होलिलीला त्याआधीच झाला होता. पूर्वी ट्रकला दोनदा थांबावे लागे, एकदा देश सोडताना, एकदा शिरताना, आणि दोन्हीकडे तीच कागदपत्रे दाखवावी लागत. आता केनियातून निघालेला ट्रक थेट टांझानियाच्या इमारतीत जातो. तिथे एकाच दालनात केनियाचा अधिकारी निर्गमन नोंदवतो आणि शेजारचा टांझानियाचा अधिकारी आगमन. परतीचा ट्रक केनियाच्या इमारतीत. यासाठी एका देशाच्या अधिकाऱ्याला दुसऱ्याच्या भूमीवर, आखून दिलेल्या हद्दीत, स्वतःचा कायदा चालवू द्यावा लागतो. सार्वभौमत्वाचा एवढा तुकडा दोघांनी मुकाट्याने एकमेकांना दिला आहे आणि त्यासाठी दरवर्षी भाषणे होत नाहीत. बिघडते कुठे? एका बाजूची संगणक प्रणाली बंद पडली की दुसरी मोकळी असून उपयोग नाही. सीमाशुल्क, आगमन विभाग, पोलीस, आरोग्य, मानके, वनस्पती तपासणी अशा पाच-सहा खात्यांपैकी एकाचा माणूस संध्याकाळी घरी गेला की बाकी सगळ्यांचा रात्रीचा पगार वाया. इमारत सामाईक झाली, वेळापत्रकेही तशीच व्हायला हवीत.

छोट्या व्यापाऱ्याचे गणित आणखी वेगळे. २,००० डॉलरपर्यंतच्या, यादीतल्या मालाला समुदायाने सोपी पद्धत दिली आहे. नाक्यावरच एक पानी मूळ देशाचे प्रमाणपत्र भरून मिळते, दलाल लागत नाही, समुदायातल्या मालाला शुल्क नाही. डोक्यावर टोमॅटोची पाटी, सायकलवर दोन पोती कांदे घेऊन जाणाऱ्यांसाठी, ज्यांत बायका खूप, ही पद्धत आहे. तरी बरेच जण न्जिया झा पान्या, उंदराच्या वाटांनी जातात. कारण शुल्क शून्य असले तरी पासपोर्ट किंवा तात्पुरता प्रवास परवाना, पीतज्वराच्या लशीचे कार्ड, मालाप्रमाणे आरोग्य दाखला हे सगळे लागतेच आणि प्रत्येक कागदासाठी कुणाचा तरी हात पुढे येतो. आडवाटेने गेले तर एकालाच द्यावे लागते. केनिया, युगांडा आणि रवांडा २०१४ पासून एकमेकांच्या नागरिकांना राष्ट्रीय ओळखपत्रावर ये-जा करू देतात. टांझानिया त्यात नाही. सीमेपासून काही किलोमीटरच्या पट्ट्यातल्या रहिवाशांसाठी तरी टांझानियाने ओळखपत्र मान्य करावे. ज्या मसाईची बहीण रेषेपलीकडे दिली आहे त्याला पासपोर्ट मागण्यात कुणाचीच सुरक्षा वाढत नाही.

टांझानिया का कचरतो, हे इथे सरळ मांडले पाहिजे. केनियात भांडवल जास्त, कंपन्या जुन्या, इंग्रजी शिकलेला नोकरदार वर्ग मोठा. टांझानियाकडे जमीन आहे. दार सताड उघडले तर नैरोबीचा पैसा अरुशाची जमीन घेईल ही भीती तिथल्या राजकारणात सर्व पक्षांत आढळते. खरे तर सामाईक बाजारपेठेच्या करारनाम्याने जमिनीचा विषय आधीच प्रत्येक देशाच्या कायद्यावर सोडला आहे, टांझानियाचा कायदा परक्याला जमीन फक्त गुंतवणुकीसाठी देतो आणि केनियाची राज्यघटनाही परक्याला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यापलीकडे काही देत नाही. म्हणजे ज्या गोष्टीची धास्ती आहे तिला कुलूप आहे. तरी २८ जुलै २०२५ च्या आदेशाने टांझानियाने परदेशी नागरिकांना १५ व्यवसाय बंद केले: मोबाइलवरून पैसे पाठवण्याचे दुकान, मोबाइल दुरुस्ती, केशकर्तनालय, पर्यटक वाटाड्या, छोटी खाण, शेतावर जाऊन पीक खरेदी, सुपरमार्केट सोडून घाऊक-किरकोळ विक्री वगैरे. मोडले तर किमान एक कोटी टांझानियन शिलिंग दंड, सहा महिन्यांपर्यंत तुरुंग, व्हिसा रद्द. या ‘परदेशी’त केनियन, युगांडनही आले. सामाईक बाजारपेठेच्या करारनाम्याचे १३ वे कलम नेमका हाच, दुसऱ्या सदस्य देशात व्यवसाय थाटण्याचा हक्क देते. रस्त्यावरच्या दुकानांत लांबच्या देशांतून आलेल्या व्यापाऱ्यांची गर्दी झाली, हे टांझानियाचे दुखणे समजते. पण समुदायाच्या नागरिकाला त्यातून वगळायला एक वाक्य पुरले असते. ते लिहिले गेले नाही, म्हणून मंत्र्यांना एकमेकांना पत्रे लिहावी लागली. केनियानेही हात वर करून उपयोग नाही: २०२० मध्ये आयात काचेच्या बाटल्यांवर २५ टक्के अबकारी कर बसवताना शेजाऱ्यासाठीचे तेच एक वाक्य त्यानेही विसरले होते.

माझी सूचना २००५ च्या सीमाशुल्क संघाच्या धर्तीचीच आहे. पाच-सात व्यवसाय टांझानियाने ठरावीक वर्षांसाठी राखून ठेवावेत, केनियाने ते उघडपणे मान्य करावे, पण यादी आणि शेवटची तारीख दोन्ही लिहून हवीत. आणि नवा कर किंवा बंदी लागू होण्याआधी ६० दिवस शेजाऱ्याला मसुदा दाखवण्याचे बंधन दोघांवर हवे. मोडल्यास न्यायालय आहेच. अरुशाचे पूर्व आफ्रिकी न्यायालय सामान्य नागरिकाचा, कंपनीचाही अर्ज घेते. २०१९ मध्ये एका सिगारेट कंपनीच्या दाव्यात, केनियात बनलेल्या सिगारेटवर जास्त अबकारी कर लावणे समुदायाच्या कराराविरुद्ध आहे, असे त्याने युगांडाला सुनावले. पण दावा दोन महिन्यांत लावावा लागतो. सिगारेट कंपनीला ते जमते. नाक्यावर कुजलेल्या संत्र्यांचा मालक दोन महिन्यांत फार तर उधारी फेडतो. त्याच्यासाठी प्रत्येक नाक्यावर दोन्ही देशांचा मिळून एक तक्रार अधिकारी हवा, ज्याला नाशवंत माल २४ तासांत हमीपत्रावर सोडण्याचा अधिकार असेल.

मोठ्या प्रकल्पांबद्दल थोडक्यात, कारण त्यांच्यावर आधीच खूप शाई खर्च होते. मे २०२१ मध्ये टांझानियाच्या राष्ट्राध्यक्ष सामिया सुलुहू हसन नैरोबीला आल्या, तेव्हा दार एस सलाम ते मोम्बासा वायुवाहिनीच्या सामंजस्य करारावर सही झाली. वाहिनी अजून कागदावर आहे. त्या भेटीचा खरा लाभ दुसराच होता: अडकलेला माल सुटला आणि त्या वर्षी टांझानियाची केनियाला होणारी निर्यात जवळजवळ दुप्पट झाली. एका भेटीने व्यापार दुप्पट होतो याचा अर्थ आदल्या वर्षी तो केवळ मर्जीअभावी अडला होता, आणि मर्जी फिरली की पुन्हा अडेल.

विजेच्या तारेचे तसे नाही. केनियातील इसिन्या ते टांझानियातील सिंगिडा ही ४०० केव्हीची वाहिनी, केनियाच्या बाजूला सुमारे ९३ किलोमीटर आणि टांझानियाच्या बाजूला सुमारे ४१४, डिसेंबर २०२४ मध्ये जोडली गेली. क्षमता २,००० मेगावॉट. टांझानियाकडे रुफिजीवरचे २,११५ मेगावॉटचे ज्युलियस न्येरेरे जलविद्युत केंद्र आहे, मग त्याला शेजाऱ्याची वीज कशाला, असा प्रश्न तिथे विचारला गेला. उत्तर नकाशात आहे. रुफिजी आग्नेयेला, अरुशा-किलिमांजारो उत्तरेला. इतक्या लांब वीज नेताना गळती होते, व्होल्टेज पडते. मार्च २०२५ मध्ये टांझानियाने सांगितले की उत्तरेसाठी इथिओपियाची वीज केनियामार्गे घ्यायची आणि दक्षिणेची वीज दक्षिणेत वापरायची. हिशेब चोख आहे. केनियाला वहनभाडे मिळते, टांझानियाची गळती वाचते, आणि ५० हर्ट्झवर एकत्र फिरणारी दोन जाळी रागाच्या भरात तोडली तर अंधार दोन्हीकडे होतो. धोकाही त्यातच आहे: एका बाजूचा बिघाड दुसरीकडे धावतो. म्हणून दोन्ही नियंत्रण कक्षांनी कुठल्या वारंवारितेला कोणता भार आधी तोडायचा याची यादी एकत्र करणे, आपत्कालीन विजेचा दर आधी ठरवून ठेवणे आणि बिल परकीय चलनात किती दिवसांत भरायचे ते लिहिणे आवश्यक आहे. अशा व्यवहारात तारा सहसा तुटत नाहीत, थकबाकीने बंद पडतात.

राजकीय दुरावा या सगळ्याच्या वर असतोच. मे २०२५ मध्ये टांझानियातल्या विरोधी नेत्याच्या खटल्याला हजर राहायला गेलेल्या केनियन कार्यकर्त्यांना अडवले गेले, परत पाठवले गेले, काहींना डांबले गेले. नैरोबीत संताप झाला. अशा वेळी केनियाने बोलावे, जरूर बोलावे. फक्त त्या बोलण्याचे उत्तर विमानाच्या फेऱ्यांनी किंवा मक्याच्या ट्रकांनी द्यायची सोय दोन्हीकडच्या सरकारांना राहता कामा नये.

एक फाटक अजून बंद आहे. टांझानियातले सेरेंगेटी आणि केनियातले मसाई मारा या अभयारण्यांमधले बोलोगोंजा, सँड रिव्हर नदीच्या काठचे. १९७७ मध्ये सीमा बंद झाली तेव्हा ते बंद झाले, १९८३ मध्ये बाकी सीमा उघडली तरी पर्यटकांसाठी ते उघडले नाही. दहा-पंधरा लाख विल्डबीस्ट, म्हणजे आफ्रिकी मोठी हरणे, दरवर्षी तिथून जातात-येतात. तो कळप बघायला आलेल्या माणसाला मात्र इसेबानिया-सिरारीचा किंवा नामांगाचा वळसा. टांझानियाचे म्हणणे असे की फाटक उघडले तर पर्यटक नैरोबीला उतरतील, माऱ्यात मुक्काम करतील आणि दिवसभरासाठी सेरेंगेटीत डोकावून परत जातील. पैसे केनियात, धूळ टांझानियात. आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. त्या फाटकातून शिरणाऱ्याला सेरेंगेटीच्या आत किमान दोन रात्रींचे आरक्षण दाखवल्याशिवाय प्रवेश नाही, दिवसाला ठरावीकच गाड्या, सीमेनंतर गाडी आणि वाटाड्या टांझानियाचा, आणि पहिली तीन वर्षे फक्त जुलै ते ऑक्टोबर. दोन्हीकडचे आगमन अधिकारी एका छोट्या इमारतीत, नामांगाच्याच पद्धतीने. १९८५ चा तो पर्यटन करार त्यासाठी उघडावा लागेल, आणि उघडलाच तर विमानतळावरच्या गाड्यांचे कलमही त्याच बैठकीत लिहून घेता येईल.